गुडघ्यातलं वंगण, गुडघ्यातलं पाणी

गुडघे धरले की बीडकडची माणसं दोन गोष्टी बोलतात, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. एक, ‘वंगण संपलं’. दुसरी, ‘पाणी झालं’. पहिलीत सांधा कोरडा ठणठणीत पडलेला, दुसरीत तुडुंब भरलेला. तरीही एकच माणूस एकाच गुडघ्याबद्दल दोन्ही बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला मात्र यात दोन काळांतली दोन वैद्यकं एका जिभेवर नांदताना दिसतात. वंगणाची कल्पना फार जुनी आहे, पाण्याची त्या मानाने कालची. सुजलेल्या गुडघ्यात सुई घालून पाणी काढण्याचा उपाय या भागात उशिरा आला. तो आला तेव्हा लोकांच्या मनातल्या वंगणाच्या कल्पनेला धक्का देतच आला, आणि येताना स्वतःचा निम्मा अर्थ वाटेतच सांडून आला. ‘एकदा पाणी काढलं की सारखं काढावं लागतं’ ही आजही ऐकू येणारी भीती समजून घ्यायची, तर हा इतिहास उलगडल्याशिवाय गत्यंतर नाही.

वंगणापासून सुरुवात करू. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ‘कलां’चं, म्हणजे आतल्या पातळ आवरणांचं, वर्णन करताना सांध्याची उपमा गाडीच्या चाकाची दिली आहे: आखाला तेल-तूप लावलेलं असेल तर चाक नीट फिरतं, तसे कफाने माखलेले सांधे नीट चालतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांध्यांतल्या या कफाला श्लेषक असं स्वतंत्र नाव आहे. याच ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आजचा बीड जिल्हा तेव्हा याच राज्याचा भाग होता, आणि अंबाजोगाईला सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याची देवळं आणि शिलालेख आजही उभे आहेत. म्हणजे सांध्याला वंगण असतं हा विचार या मातीला परका नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या माणसाला तो पटवून द्यायचीही गरज नव्हती. कुरकुरणारं चाक आणि कटकट वाजणारा गुडघा यांचं नातं कानालाच कळत होतं. आता या विचाराचा पुढचा दुवा पाहा. दुखणारा सांधा म्हणजे वाताने बिघडलेला सांधा. ‘संधिवात’, ‘आमवात’ ही नावंच तसं सांगतात. वात हा कोरडा. तो वंगण शोषून घेतो. मग गुडघा सुजतो कशाने? चरकसंहितेत संधिगत वाताची सूज हाताला कशी लागते ते सांगताना वाऱ्याने फुगवलेल्या कातडी पिशवीची उपमा आहे. सूज हाताला लागत होती, दाबली की दबतही होती, पण तिच्या आत पाणी आहे असं न मानता वारा आहे असं मानलं गेलं. एकदा वारा मानल्यावर उपाय ठरलेलाच: तेल, शेक, लेप, बांधणं. बाहेरून स्निग्ध पदार्थ आत घालायचा. आतून काही काढायचं, हा प्रश्नच त्या चौकटीत उभा राहत नव्हता.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आपले प्राचीन शल्यवैद्य नाक जोडत होते, मुतखडा काढत होते, ते गुडघ्यातलं पाणी काढायला कसे चुकतील? हा आक्षेप अभिमानातून येत असला तरी त्याला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवं, कारण पुरावा मोठा बोलका आहे. सुश्रुताला पाणी काढणं चांगलंच ठाऊक होतं. जलोदरात बेंबीच्या खाली डाव्या बाजूला छेद घेऊन पोकळ नळीने पोटातलं पाणी कसं काढावं, ते एका दिवसात सगळं का काढू नये, काढल्यावर पोट कापडाने घट्ट कसं आवळावं, हे सारं तिथे तपशिलाने आहे. अंडवृद्धीतलं पाणी काढण्याचीही रीत आहे. नळी होती, हात होता, धीरही होता. इतकं असून गुडघ्याच्या बाबतीत असा विधी नाही. त्याचं एक कारण वर आलंच: तिथे पाणी मानलेलं नव्हतं. दुसरं कारण मर्मांच्या यादीत आहे. मांडी आणि पिंढरी जिथे जुळतात ते ‘जानु’ हे मर्म. त्याला इजा झाली तर माणूस मरत नाही, पण लंगडा होतो, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मला हे वाक्य अंधश्रद्धेचं वाटत नाही, अनुभवाचं वाटतं. लढाईत गुडघ्यात बाण किंवा भाला लागलेला माणूस पुढे कसा चालतो हे त्या काळच्या वैद्यांनी पुष्कळ पाहिलं असणार. उघडलेला गुडघा पिकतो आणि पिकलेला गुडघा आखडतो. जंतूंची कल्पना नसताना या निरीक्षणावरून निघणारा एकमेव शहाणा नियम म्हणजे गुडघ्याला टोचू नये. त्यांनी तो पाळला.

टोचू नये हा नियम ग्रंथांतला. गावातला व्यवहार त्याहून धीट होता, पण तोही सांध्याच्या आत शिरत नव्हता. खांद्याला झोळी लावून हिंडणारे वैदू तुंबडी लावत. कातडीला बारीक चिरे देऊन, शिंगाने किंवा तुंबडीने ओढून ‘नासकं रक्त’ काढत. कुठे जळवा लावत. बिब्ब्याचा चटका, तापल्या लोखंडाची डागणी, गरम केलेलं रुईचं पान, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल या तर घरोघरच्या गोष्टी. त्यात बीड निजामाच्या राज्यात असल्याने हकिमांचं युनानीही शेजारीच होतं. त्या वैद्यकात सांधेदुखीवर सुरंजान देत. सुरंजान म्हणजे कोल्चिकमच्या जातीचा कंद, आणि आज गाउटवर दिली जाणारी कोल्चिसिनची गोळी त्याच कुळातून आलेली आहे. जुन्या औषधांतलं हे एक खरोखर कामाचं निघालं. परळीचं ज्योतिर्लिंग तर वैद्यनाथाचं. समुद्रमंथनातून निघालेले धन्वंतरी आणि अमृत या लिंगात दडवले अशी तिथली कथा. वैद्यांच्या देवाच्या जिल्ह्यात गुडघ्यावर उपायांची वाण नव्हती. तरी ‘काढणं’ म्हणजे रक्त काढणं, तेही कातडीपुरतं. चिऱ्यांनी आणि चटक्यांनी बरं वाटल्याचं लोक सांगत, ते खोटं नसावं. एका ठिकाणची वेदना दुसरीकडच्या वेदनेला काही काळ दाबते. मात्र पाण्याने फुगलेला गुडघा तुंबडीने तसूभरही उतरत नाही, कारण तुंबडी आणि ते पाणी यांच्यामध्ये सांध्याचं अख्खं आवरण उभं असतं.

युरोपातही हे लवकर सुचलं असं नाही. सांध्यातल्या या द्रवाला ‘सायनोव्हिया’ हे नाव सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने दिलं. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा तो चिकट दिसतो, यावरून ते आलं असं मानतात. पण नाव देणं वेगळं आणि सुई घालणं वेगळं. त्यासाठी पोकळ सुई हवी होती, ती 1853 च्या सुमारास प्रावाझ आणि वूड यांच्या सिरिंजमधून आली. जखम पिकू न देण्याची युक्ती हवी होती, ती 1867 मध्ये लिस्टरने मांडली. मग 1869 मध्ये पॅरिसच्या द्यूलाफुआने निर्वात पंपाचं ओढयंत्र तयार केलं आणि छातीतल्या, सांध्यातल्या पाण्यावर ते वापरलं. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे. लिस्टरच्या आधी गुडघ्याला टोचायला घाबरणारा युरोपीय सर्जन आणि जानुमर्माला हात न लावणारा इथला वैद्य एकाच कारणासाठी घाबरत होते; फरक पडला तो भीतीचं कारण सापडल्यावर. त्यानंतरही पाऊण शतक पाणी काढणं हा तसा किरकोळ उपाय राहिला, कारण काढलेलं पाणी पुन्हा भरायचं. चित्र बदललं ते कॉर्टिसोन या स्टेरॉइडने. 1949 मध्ये हेंच आणि केंडल यांनी आमवाताच्या रुग्णांवर त्याचा परिणाम दाखवला, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि 1951 मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडरने हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचल्याचे निष्कर्ष छापले. पाणी काढायची सुई आता औषध घालायचीही सुई झाली. आजच्या दवाखान्यात चालणारी जोडगोळी, आधी ओढा आणि मग घाला, ती इथून.

हे बीडला कधी पोचलं? निजामाच्या राज्यात 1846 पासून हैदराबादला उर्दूतून शिकवणारी वैद्यकशाळा होती, पण ती राजधानीत. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणीची औषधं पलटणीसाठी असतात, आसपासच्या वाडीवस्तीतल्या म्हातारीच्या गुडघ्यासाठी नव्हे. 1948 मध्ये राज्य भारतात आलं, 1956 मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि 1974 मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. मोठ्या शहरात न काढता तालुक्याच्या गावात काढलेलं हे महाविद्यालय या जिल्ह्याच्या आरोग्याच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण आहे, असं मला वाटतं. तिथून शिकून गेलेल्या डॉक्टरांच्या हाताने गुडघ्यातली सुई केज, धारूर, माजलगाव, गेवराईकडे पसरली. म्हणजे हिशेब केला तर इथे या उपायाचं वय फार तर दोन पिढ्यांचं. समोरच्या चाकाच्या उपमेचं वय दीड-दोन हजार वर्षांचं. भाषेत कोण जास्त खोल रुतलेलं असणार हे उघड आहे.

आता तो उपाय जवळून पाहू. रुग्णाचा पाय सरळ ठेवतात. डॉक्टर एका हाताने मांडीच्या बाजूने दाबून वरचं पाणी खाली आणतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने गुडघ्याची वाटी हलकेच दाबतो. पाणी असेल तर वाटी तरंगत असते. दाबली की खाली जाऊन हाडाला टकदिशी लागते आणि पुन्हा वर येते. मग कातडी औषधाने पुसून, वाटीच्या वरच्या कडेला बाहेरच्या बाजूने सुई आत जाते आणि सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला जातो. निरोगी गुडघ्यात चार मिलिलिटरही द्रव नसतो. चमचाभर सुद्धा नाही. सुजलेल्यातून पन्नास, कधी शंभर मिलिलिटर निघतो. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि नेमकी इथेच ती संपवली जाते. निघालेल्या द्रवाचा थेंब बोटांत धरून ताणला तर निरोगी द्रवाची तार चांगली लांब येते. दाह असलेल्या सांध्याचा द्रव पाण्यासारखा टपकन पडतो. काचेच्या नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर झिजेच्या गुडघ्यातल्या फिकट पिवळ्या द्रवातून अक्षरं वाचता येतात, आमवातात ती धूसर होतात, पू झाला असेल तर दिसतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजल्या तर दोन हजारांच्या आत बहुधा झीज, त्याहून वर दाह, पन्नास हजारांपुढे जंतुसंसर्गाची दाट शंका. 1961 मध्ये डॅनियल मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशात या द्रवातले युरेटचे सुईसारखे स्फटिक दाखवले आणि गाउटचं निदान अंदाजावरून पुराव्यावर आलं. क्षयाचे जंतूही याच द्रवातून शोधता येतात. एवढी बातमी ज्या पाण्यात आहे ते मोरीत ओतून द्यायचं आणि ‘पाणी काढलं’ म्हणायचं, यात काढण्याचा अर्धा हेतू वाया जातो.

वंगणवाल्यांचा आक्षेप मात्र अजून उभाच आहे: काढलेल्या पाण्याबरोबर वंगण जातं, त्याचं काय? उत्तर असं की सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी हे पातळ झालेलं वंगण असतं. द्रवाला चिकटपणा देणारं हायलुरोनिक आम्ल त्यात विरळलेलं असतं, आणि सांध्याचं अस्तर नवा द्रव रोज बनवतच असतं. काढल्याने आटत नाही. पुन्हा भरतं हे खरं आहे, पण ते काढल्यामुळे नव्हे. अस्तराचा दाह तसाच राहिल्यामुळे. गळकं छप्पर न दुरुस्त करता बादली रिकामी करण्यासारखं ते आहे, आणि दोष बादलीला देता येत नाही. मग बादली रिकामी तरी कशाला करायची? कारण पाणी नुसतं साठून बसत नाही, ते मांडीचा स्नायू बंद पाडतं. 1965 मध्ये डी अँड्राडे आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यात द्रव भरून पाहिलं, तेव्हा ताणलेला सांधा मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो असं आढळलं. 1984 च्या दुसऱ्या एका प्रयोगात वीस-तीस मिलिलिटर खारं पाणीही त्याला पुरेसं झालं. म्हणून सुजल्या गुडघ्याचा माणूस जिना उतरताना लचकतो. पाणी काढल्यावर पाय हलका वाटला म्हणून वंगण वाढलं असं त्याला वाटतं, खरं तर ते स्नायूचं काम परत सुरू झालेलं असतं. या बाबतीत लोकांची भीती चुकीची आहे असं म्हणायला मी कचरत नाही.

पण भीतीची दुसरी बाजू तितकी सहज उडवून लावता येत नाही. गुडघ्याला पाणी होतं त्या माणसाचं काम काय, हा प्रश्न बीडमध्ये टाळून चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. वाकून, उकिडवं बसून बुडातून ऊस तोडायचा, वाढं काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीने गुडघे वाकवून करायची जड कामं आणि गुडघ्याची झीज यांचा संबंध दाखवला होता. ऊसतोड म्हणजे वाकणं आणि जड काम या दोन्हींचा कळस. एक दिवस बसलं की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा माणसाला ‘सहा आठवडे मांडीचे व्यायाम करा’ हा सल्ला परवडत नाही. त्याला उद्या सकाळी उभं राहायचं असतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन नेमकं तेवढंच देतं. 2017 मध्ये छापलेल्या 140 रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत दर बारा आठवड्यांनी, दोन वर्षं, गुडघ्यात स्टेरॉइड दिल्यावर नुसतं खारं पाणी टोचलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक काही पडला नाही. तेव्हा ‘एकदा घेतलं की सारखं घ्यावं लागतं’ यातला ‘सारखं’ हा शब्द अगदीच पोकळ नाही. त्यातच 2019 मध्ये बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढल्याचा आकडा खुद्द आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितला आणि ऊसतोड बायकांची नावं देशभर गेली. ज्या जिल्ह्याने ‘काढून टाका’ या सल्ल्याची एवढी किंमत मोजली, तिथे सुई पाहून माणूस दोन पावलं मागे सरकला तर त्याला मागासलेला म्हणणं मला जमत नाही.

यावर एखादा डॉक्टर म्हणेल की झिजेच्या शंभर गुडघ्यांत तपासून नवं काय निघणार, तालुक्याच्या गावात प्रयोगशाळा कुठे, आणि रुग्णाच्या खिशाला आणखी एक खर्च कशाला? खर्चाचा मुद्दा मान्य. बाकीच्याला इतिहासच उत्तर देतो. 1973 मध्ये शेजारच्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. 2006 मध्ये तोच रोग मराठवाड्यासह राज्यभर पसरला आणि तापानंतर महिनोन् महिने सांधे धरलेली माणसं गावोगाव दिसू लागली. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 पासून झालेल्या पाहणीत सुमारे 18 टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचं दुखणं असल्याचं दिसलं, आणि त्या दुखण्याखाली अनेक वेगवेगळे आजार निघाले. झीज, आमवात, गाउट, साथीनंतरचा दाह, क्षय या सगळ्यांचा गुडघा बाहेरून सारखाच फुगतो. बोलीत या सगळ्यांना एकच नाव होतं, वात. आता एकच नाव आहे, पाणी. नाव बदललं, पण सगळ्यांना एकाच पोत्यात घालायची सवय तशीच राहिली. नळीमागे वर्तमानपत्र धरायला प्रयोगशाळा लागत नाही. थेंब ताणून पाहायलाही नाही. लाल, गरम, ताप असलेल्या गुडघ्यात तर न तपासता स्टेरॉइड घालणं म्हणजे पिकत्या सांध्यावर झाकण ठेवणं.

म्हणून गुडघ्याचं पाणी काढायची वेळ तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर आली, तर सुईला घाबरू नका, सिरिंजकडे बघा. पाणी कोणत्या रंगाचं निघालं ते विचारा. तपासायला जाणार आहे का ते विचारा, आणि सोबत काय टोचलं त्याचं नाव कागदावर लिहून घ्या.